महाविद्यालयीन भौतिकशास्त्र विभाग (पुणे)

पुण्यातील पदवी महाविद्यालयांत बी.एस्सी.चे भौतिकशास्त्र शिकवणारा छोटा विभाग. मोजके प्राध्यापक, एकदोन प्रयोगशाळा सहायक, शिपाई, दोनतीन प्रयोगशाळा आणि एक अंधारी खोली एवढा त्याचा पसारा असतो. शहरातल्या मोठ्या संशोधन संस्थांची नावे सर्वांना ठाऊक असतात. परंतु तेथे पोहोचणाऱ्या कितीतरी जणांनी व्हर्नियर (बारीक लांबी मोजण्याचे साधन) पहिल्यांदा हातात धरलेला असतो तो अशाच एखाद्या विभागात.

या अध्यापनाचा उगम एकोणिसाव्या शतकात आहे. कुलाबा वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे पुढे पुण्यात गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवू लागले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते. आकाशाचे वेध आणि गणित यांची सांगड घालणारा असा शिक्षक आरंभीच लाभला, हे पुण्याचे भाग्यच. १८५४ मध्ये सुरू झालेली अभियांत्रिकीची शाळा १८८० पासून काही काळ ‘कॉलेज ऑफ सायन्स’ म्हणून ओळखली जाई. १९११ मध्ये ती कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढले. आगरकरांनंतर १८९५ ते १९०२ या काळात तेथे प्राचार्य असलेले महादेव शिवराम गोळे विज्ञान शिकवत. सोसायटीचे आजीव सदस्य वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची शपथ घेत, आणि विज्ञानाचे वर्गही त्याच त्यागावर उभे राहिले. न्यू पूना कॉलेज (पुढचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) १९१६ मध्ये, तर वाडिया महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या साऱ्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या होत्या.

१९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. भौतिकशास्त्र शिकून पुढे काय करायचे, या पालकांच्या प्रश्नाला त्यामुळे गावातच एक उत्तर मिळाले. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन केलेल्या अ‍ॅना मणी १९४८ मध्ये येथेच हवामान उपकरणांच्या कामावर रुजू झाल्या. सृष्टिज्ञान मासिकही १९२८ चेच. पुण्यातून निघणाऱ्या या मासिकाने विज्ञान मराठीत वाचण्याची सवय लावली.

विभागाचा जीव मात्र प्रयोगशाळेत असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि हे क्रमिक पुस्तकाला माहीत नसते. पुस्तकात हवेचा दाब पाऱ्याचा ७६ सेंमी, पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश. येथील फोर्टिनच्या दाबमापीत पारा ७१ सेंमीच्या आसपास राहतो आणि पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. गुरुत्वत्वरण ९८० ऐवजी सुमारे ९७८.४ सेंमी प्रति सेकंद वर्ग. लंबकाची वीस आंदोलने मोजून हा फरक दिसणार नाही. दोन सेकंद आवर्तकालाच्या लंबकाची पाचशे आंदोलने मोजली तर हजार सेकंदांत जेमतेम ०.८ सेकंदाचा फरक पडतो. तेव्हा ज्याच्या जर्नलमध्ये उत्तर अगदी ९८० येते, त्याला चांगला शिक्षक आधी निरीक्षणांचे कच्चे कागद दाखवायला सांगतो. पुस्तकातल्या आकड्याकडे उत्तर ओढत न्यायचे नाही, हा संस्कार पदवीच्या तीन वर्षांत रुजला तर विभागाने आपले काम केले असे म्हणावे.

बी.एस्सी.चे प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या फारसे बदललेले नाहीत: केटरचा लंबक, फ्लायव्हील, न्यूटनची वलये, विद्युत रोध मोजणारा कॅरे फॉस्टर ब्रिज, विद्युतभार मोजणारा बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटर. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा दिवा तापेपर्यंत थांबायचे, मग स्पेक्ट्रोमीटरमध्ये ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दिसेपर्यंत स्लिट (प्रकाश आत सोडणारी फट) बारीक करत जायचे. त्या दोन रेषा पहिल्यांदा सुट्या दिसतात, तेव्हा पुस्तकातली ओळ डोळ्यांसमोर खरी होते. पावसाळ्यात दमट हवेमुळे स्थितिक विद्युतचे प्रयोग फसतात आणि भिंगांवर बुरशी चढते. ती साफ करणे, गॅल्व्हानोमीटरची तुटलेली तार बदलणे, डेड स्टॉक रजिस्टरमधली (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली) प्रत्येक वस्तू जागेवर आहे ना हे पाहणे, ही कामे प्रयोगशाळा सहायक करतात. विभागाच्या इतिहासात प्राध्यापकांची नावे येतात, यांची येत नाहीत. हा अन्याय आहे. कोणत्या टेबलावरचा ब्रिज कधी दगा देतो, हे नव्या प्राध्यापकालाही त्यांच्याकडूनच कळते.

जुन्या ‘इंटर सायन्स’ची जागा सत्तरच्या दशकात १०+२+३ आकृतिबंधाने घेतली, आणि अकरावी-बारावीचे वर्ग त्याच प्रयोगशाळांत वाटेकरी झाले. सी.जी.एस. (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) एकके मागे पडली, निर्वात नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर आले, पुढे इलेक्ट्रॉनिक्स हा वेगळाच विषय झाला आणि बरेच विद्यार्थी तिकडे वळले. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुले विद्यापीठाच्या विभागाकडे पाहत. त्या विभागातील अरुण निगवेकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आली, नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, २००६ मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाली. महाविद्यालयातील प्राध्यापकाला मुलांना घेऊन जाण्याजोग्या अशा जागा जवळ असणे हे या शहराचे मोठेच वैशिष्ट्य.

अलीकडे निवृत्त प्राध्यापकांच्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर भार वाढला आहे. व्याख्याने त्यांनाही उत्तम जमतात. प्रयोगशाळेची घडी बसवायला मात्र एकाच माणसाने तेथे वर्षानुवर्षे राहावे लागते, आणि ज्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते त्यांना ती सवड मिळत नाही.