ढिला स्क्रू आणि पन्नास किलोचा झटका

.44 मॅग्नम या दणकट काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटते, मूठ हातात गर्रकन वर फिरते, आणि आवाज विरतो न विरतो तोच समोर गवतात काहीतरी चकाकताना दिसतं. नळीच्या उजव्या कुशीला असलेलं लांबट नळकांडं जागेवर नसतं. ते, त्याच्या पोटातला दट्ट्या आणि स्प्रिंग असा तीन नगांचा ऐवज वाकून शोधावा लागतो. त्याला धरून ठेवणारा स्क्रू मात्र सहसा सापडत नाही, कारण तो आधीच कधीतरी निसटलेला असतो. अमेरिकेत दणकट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्या शिकाऱ्यांना आणि हौशी नेमबाजांना हा प्रकार नवा नाही.

मला यात बंदुकीपेक्षा त्या स्क्रूचं कुतूहल जास्त आहे. तो तुटत नाही. त्याचे आटेही बहुतेक वेळा शाबूत असतात. तो नुसता उलटा फिरत फिरत बाहेर येतो. त्याला कोण फिरवतं?

आधी हे नळकांडं तिथे असतं कशाला, ते पाहू. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्यानं मागे ओढायचा, मगच चाप ओढायचा. कोल्टच्या 1873 सालच्या रिव्हॉल्व्हरनं हा साचा जगभर पोहोचवला. यात काडतुसं भरायचा गोल फिरणारा सिलिंडर बाजूला उघडत नाही, त्यामुळे सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम झटकता येत नाहीत. मागच्या बाजूला उजवीकडे एक छोटं दार असतं. ते उघडायचं, सिलिंडर एकेक घर फिरवायचा आणि पुढून दट्ट्या दाबून एकेक पुंगळी मागे ढकलायची. तो दट्ट्या ज्यात सरकतो ते हे नळकांडं. त्याचं मागचं टोक सांगाड्यातल्या खोबणीत बसतं आणि पुढचं टोक एका स्क्रूनं नळीला जखडलेलं असतं. एकाच स्क्रूनं!

1873 च्या काळ्या बारुदीला हे पुरेसं होतं. पुढे 1955 मध्ये रुगर कंपनीनं ब्लॅकहॉक हे याच साच्यातलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि 1959 मध्ये .44 मॅग्नमसाठी सुपर ब्लॅकहॉक. डिक कॅसल या बंदूक-कारागिरांनी .454 कॅसल या आणखी आडदांड काडतुसावर पन्नासच्या दशकातच काम सुरू केलं होतं. वायोमिंग राज्यातल्या फ्रीडम गावची फ्रीडम आर्म्स ही कंपनी 1983 पासून त्यासाठी पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर विकू लागली. काडतुसं दांडगी झाली, पण नळकांडं धरून ठेवायची पद्धत मुळातून फारशी बदलली नाही.

आता थोडं गणित करू. .44 मॅग्नमच्या काडतुसाला अमेरिकी मानकाप्रमाणे चौरस इंचाला 36,000 पौंड दाब चालतो, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या जवळपास 2,450 पट. नळीचं भोक साधारण 11 मिलिमीटरचं. दाब गुणिले क्षेत्रफळ केलं की गोळीच्या बुडावर सुमारे 23,000 न्यूटन बल येतं, आणि तेवढंच बल बंदुकीला मागे ढकलतं. सुपर ब्लॅकहॉकचं वजन 1.36 किलोच्या आसपास. भागाकार केला की शिखराच्या क्षणी बंदुकीचं त्वरण गुरुत्वाच्या 1,700 पट निघतं. हा क्षण एक हजारांश सेकंदाहूनही छोटा असतो. पण तेवढ्या क्षणापुरतं, दट्ट्या आणि स्प्रिंग धरून 30 ग्रॅमचं मानलेलं नळकांडं 50 किलोंसारखं वागतं. सिमेंटची एक अख्खी गोणी त्या स्क्रूला टांगली आहे असं समजा. (30 ग्रॅम हा माझा अंदाज, वेगवेगळ्या बनावटींत वजन कमीजास्त असणार.)

ही गोणी कोणत्या दिशेला ओढते? इथे भलेभले फसतात. बंदूक मागे उसळते, म्हणून नळकांडंही मागे जात असेल आणि सांगाड्यातली खोबण त्याला अडवत असेल, असं वाटतं. होतं नेमकं उलटं. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर घट्ट बसवायचं असलं की आपण दांडा उभा धरून त्याचं बूड दगडावर आपटतो. दांडा थबकतो आणि पातं आपल्या जडत्वानं आणखी खाली जाऊन रुतून बसतं. इथे बंदूक एकाएकी मागे पळते आणि नळकांडं जागच्या जागी राहू पाहतं. बंदुकीवर बसून पाहिलं तर ते पुढे, नळीच्या तोंडाकडे सरकतं. म्हणजे ज्या दिशेला खोबण आहे तिच्या विरुद्ध दिशेला, आणि तिकडे अडवायला स्क्रूशिवाय कुणी नाही. गवतात पडलेलं नळकांडं ‘उडालं’ असं आपण म्हणतो खरं, पण मुख्यतः बंदूकच त्याच्या खालून निघून गेलेली असते.

शिवाय मूठ नळीच्या खाली असल्यानं बंदूक नुसती मागे येत नाही, तिचं तोंडही वर उसळतं. नळकांडं नळीच्या खालच्या-उजव्या अंगाला चिकटलेलं असतं. नळी वर झेपावते तेव्हा ते तिच्यापासून सुटून खाली राहू पाहतं. म्हणजे स्क्रूला आडवा रेटा तर बसतोच, वर ताणही बसतो.

मग तो तुटत का नाही? कारण पोलाद या कामाला पुरून उरतं. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचा चांगला स्क्रू आडवा कापायला 2,000 न्यूटनांहून जास्त बल लागेल, आणि इथे झटका 500 न्यूटनांचा, म्हणजे त्याच 50 किलोंचा, आहे. अडचण वेगळीच आहे. स्क्रू आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. भाग जागेवर राहतात ते या दाबामुळे होणाऱ्या घर्षणानं. घर्षणांक 0.15 धरला, तर 500 न्यूटनांचा झटका थोपवायला सुमारे 3,300 न्यूटनांचा दाब हवा. एवढ्या बारीक स्क्रूसाठी हे त्याच्या ताकदीच्या कडेला गेलेलं काम. त्यातून नळीची भिंतच चार-साडेचार मिलिमीटर जाड, आणि भोक आरपार पाडता येत नाही. म्हणजे आटे मिळतात जेमतेम चार-पाच. आणि फटीत तेल झिरपलं की घर्षणांक आणखी घसरतो. म्हणून प्रत्येक गोळीला नळकांडं केसभर पुढे सरकतं आणि परत येतं.

हे केसभर सरकणंच घात करतं. गेर्हार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं 1969 साली याचा उलगडा केला. आवळलेला बोल्ट आडवा हलवायचा आणि त्यातला ताण किती उरतो ते मोजायचं, असं यंत्र त्यानं वापरलं. बोल्टच्या अक्षाच्या दिशेनं कितीही थरथर दिली तरी तो बऱ्यापैकी तग धरतो, पण आडवा सरकू दिला की भराभर सैल होतो, हे त्यातून दिसलं. कारण समजून घ्यायला बोटात अडकलेली अंगठी आठवा. सरळ ओढली तर ती हलत नाही. गोल फिरवत फिरवत ओढली की अलगद येते. घर्षण एका वेळी एकाच दिशेला लढतं. एका दिशेला ते हरलं की दुसऱ्या दिशेलाही त्याचा जोर उरत नाही. स्क्रूचे आटे म्हणजे गुंडाळलेला उतारच. घर्षण त्या उतारावर स्क्रूला धरून ठेवतं. आडव्या सरकण्यात ते क्षणभर हरतं, आणि स्क्रू उतारावरून इवलासा खाली घसरतो. पुढच्या गोळीला आणखी थोडा. म्हणजे स्क्रू फिरवणारा हात त्याच्या स्वतःच्याच आट्यांत असतो.

जाता जाता आपल्या गॅरेजांतली एक श्रद्धा मोडतो. ‘स्प्रिंग वॉशर टाका, काही होत नाही.’ नासाच्या 1990 सालच्या बोल्ट-रिव्हेटविषयक पुस्तिकेत या कापलेल्या कडीसारख्या वॉशरचा निकाल स्पष्ट लावला आहे: बोल्ट पूर्ण आवळला की तो चपटा होतो आणि सुटण्यापासून अडवायला निरुपयोगी ठरतो. तरी आपण टाकतोच, मीही टाकतो.

नळकांड्याचा स्क्रू ढिला झाला की पहिली ऊर्मी येते ती आणखी जोर लावण्याची. चार आट्यांच्या भोकात हे महागात पडतं. लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष ताणात उतरतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जिरतो. दात ओठ खाऊन आवळलेल्या स्क्रूचे आटे एक दिवस भोकातून उपटून येतात. मग कारागिराकडून भोक मोठं करून एक माप जाड स्क्रू बसवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

नीट दुरुस्तीची सुरुवात अर्थातच सगळी काडतुसं काढून, प्रत्येक घर डोळ्यानं आणि बोटानं तपासून. मग खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस. पाचरीसारखं निमुळतं पातं खाचेतून वर निसटतं आणि खाचेच्या कडा खातं. सोडवताना नळकांडं अंगठ्यानं दाबून धरायचं, आतली स्प्रिंग उसळायला टपलेली असते. स्क्रू हातात आला की त्याचं टोक पाहायचं. टोकावर चकचकीत घासलेला ठिपका असेल तर चोर सापडला. स्क्रू भोकाच्या तळाला टेकतोय. हाताला घट्ट लागतो, पण तो नळकांड्याला दाबतच नाही, स्वतःच तळाशी अडतो. कानशीनं टोक किंचित उतरवलं की काम झालं. पण यासाठी भोक मात्र खोल करायचं नाही. पलीकडे गोळीची वाट आहे.

काही बनावटींत नळीवर एक छोटी खुंटी असते आणि नळकांड्याला तिच्यासाठी घर. माझ्या मते खरा इलाज हाच. पुढे जाणारा रेटा खुंटी घेते, स्क्रूला फक्त दाबून धरायचं काम उरतं. खुंटी नसेल किंवा सैल झाली असेल, तर कुशल कारागीर ती बसवून देतो.

आणि शेवटी एक थेंब निळं लॉकटाइट. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात कोल्टचा जुना कारखाना आहे, निळ्या कांद्यासारखा घुमट असलेला. त्याच शहरातल्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी 1953 साली हे चिकटद्रव्य घडवलं. जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांना हवा मिळाली नाही की घट्ट होणारा एक द्रव आधीच सापडला होता, पण तो टिकवायला त्यातून सतत हवा फुंकत राहावी लागे. क्रीबल यांनी तो बाटलीत शांत बसेल असा केला. हवेतला ऑक्सिजन रेणूंची साखळी जुळू देत नाही. आट्यांच्या फटीत गेलं की हवा तुटते, लोखंडाचे आयन त्या द्रवातल्या पेरॉक्साइडला फोडतात आणि साखळ्या धडाधड जुळतात. बाटली नेहमी अर्धीच भरलेली मिळते ती यासाठीच. उरलेली जागा हवेची. तिचं प्लॅस्टिकही हवा झिरपू देणारं.

तेलाचा अंश स्पिरिटनं पुसून काढायचा. बंद तळाच्या भोकात थेंब तळाशीच सोडायचा, नाहीतर स्क्रू जाताना अडकलेली हवा त्याला बाहेर ढकलते. जास्त झालं तर ते दट्ट्याच्या वाटेत झिरपून तोच जाम करतं. स्टेनलेस स्टील यात आळशी, तिथे चोवीस तास तरी थांबावं. लाल लॉकटाइट नको. ते सोडवायला अडीचशे अंशांपर्यंत तापवावं लागतं.

काहीजण ॲल्युमिनियमचं नळकांडं काढून ‘मजबूत’ म्हणून पोलादी बसवतात. दिसायला उत्तमच. पण पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, म्हणजे आपली सिमेंटची गोणीही त्याच हिशेबानं फुगली.

स्क्रू असा पक्का झाला तरी जडत्व बंदुकीतून जात नाही, ते सिलिंडरमध्ये जाऊन बसतं. न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्यांनाही तोच झटका बसतो. पुंगळी मागे पळते, गोळी जागेवर राहू पाहते आणि झटक्या-झटक्याला पुढे सरकते. तिचं नाक सिलिंडरबाहेर आलं की सिलिंडर फिरायचाच थांबतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत आत वळवून दाबतात. घरी काडतुसं भरणारे त्याची परीक्षा अशी घेतात: सहाव्या काडतुसाची लांबी व्हर्नियरनं मोजून ठेवायची, बाकीची पाच उडवायची आणि ते सहावं बाहेर काढून परत मोजायचं.