शिवालिकचे सस्तन जीवाश्म

हिमालयाच्या पायथ्याशी, पाकिस्तानातल्या पोटवार पठारापासून हिमाचल, उत्तराखंड आणि पुढे नेपाळपर्यंत, नद्यांनी आणून टाकलेल्या, शिवालिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाळाच्या थरांत सापडणारी सस्तन प्राण्यांची हाडं आणि दात. वय ढोबळमानानं १ कोटी ८० लाख ते ६ लाख वर्षं. चिंजी, नागरी, ढोक पठाण, पिंजोर ही थरांची नावं गावांवरून पडलीत.

१८३० च्या दशकात सहारनपूरच्या बागेचा प्रमुख ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचा इंजिनीअर प्रॉबी कॉटली यांनी पेट्याच्या पेट्या भरून जीवाश्म गोळा केले. १८३६ मध्ये वर्णन केलेला शिवाथेरियम हा जिराफाच्या कुळातला, पण अंगानं बैलासारखा. स्टेगोडॉन गणेशा या हत्तीच्या नात्यातल्या प्राण्याचे सुळे तर इतके जवळजवळ की मधून सोंड जायला जागाच नाही, ती बाजूनं लोंबत असणार!

खरी माहिती मिळते दातांतून. झाडं, गहू, भात एका पद्धतीनं कार्बन पकडतात, ज्वारी, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी गवतं दुसऱ्या पद्धतीनं (सी-फोर), आणि प्राणी जे खातो त्याचा ठसा दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कडक थरात, राहतो. पोटवारात साधारण ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत ठसा मुख्यतः पहिल्या पद्धतीचा, म्हणजे जंगल-झाडीचा, आणि ६० लाखांच्या आसपास बऱ्याच प्राण्यांत गवताचा. शिवापिथेकस हा वानर त्याआधीच, अंदाजे ८५ लाख वर्षांपूर्वी, तिथून दिसेनासा होतो.

हे का झालं यावर वाद आहे. १९८९ मध्ये क्वेड, सर्लिंग आणि बोमन या संशोधकांनी जुन्या मातीतल्या चुनखडीवरून मान्सून जोरात आला असं मांडलं, पण पुढे तसाच बदल आफ्रिका-अमेरिकेतही दिसला म्हणून १९९७ मध्ये सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घटल्याचं कारण पुढे केलं, आता त्या घटीच्या वेळेबद्दलही शंका घेतल्या जातात. एकच कारण धरून बसण्यापेक्षा वायू कमी होण्यानं वाट मोकळी झाली आणि लांबलेल्या कोरड्या ऋतूनं, कदाचित वणव्यांनीही, गवताला बळ दिलं असं मानणं जास्त पटतं.

उंदरांसारख्या बारक्या प्राण्यांचे दात माती चाळून मिळवावे लागतात. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात मिळालेले हत्तीचे अवशेष शिवालिकचे नव्हेत, ते बरेच नंतरचे.