मॉर्मन मिशनरी व्हायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि दोन वर्षांचं पोस्टिंग

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने ही जोडी एकदा तरी पाहिलेली असते. पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक, छातीवर नावाची काळी पट्टी, बाजूला दोन सायकली. दारात उभं राहून, आपल्या चर्चबद्दल सांगायला अदबीने पाच मिनिटं मागतात आणि आपण ‘नको, थँक यू’ म्हणून दार लावून घेतो. ही मुलं पगारावर हे काम करतात असं मलाही आधी वाटायचं. पगार तर सोडाच, पदरमोड करून आलेली असतात. यूटामध्ये राहायला आल्यापासून आमच्या गल्लीतली तीन मुलं अशी गेली आणि परत आली. त्यामुळे मिशनचा, म्हणजे या प्रचारसेवेचा, अर्ज कसा भरतात, कुठे अडतो, हे शेजारच्या स्वयंपाकघरात बसून बरंच ऐकलंय.

आधी नावाचं. चर्चचं अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. मुख्यालय आता सॉल्ट लेक सिटीत आहे. ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या, असा आग्रह चर्चने २०१८ मध्ये धरला. शेजाऱ्यांशी बोलताना मी तो पाळतो. इथे मात्र वाचकांच्या ओळखीचा शब्द ठेवलाय.

कोण अर्ज करू शकतं

मुलांसाठी किमान वय १८, आणि बारावीपर्यंतचं शालेय शिक्षण पूर्ण झालेलं हवं. २०१२ पर्यंत ही अट १९ वर्षांची होती. मुलींची त्याच वर्षी २१ वरून १९ वर आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनाही १८ व्या वर्षी जायची मुभा मिळाली. मुलगे २५ वर्षांपर्यंत जाऊ शकतात. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८ महिन्यांची. मुलांनी जाणं हे कर्तव्य मानलं जातं. मुलींना ‘यायचं असेल तर स्वागत आहे’ असं सांगितलं जातं. दोन्हींतला फरक शब्दांपुरता नाही. न गेलेल्या मुलाला विशीत असताना ‘तू कुठे गेला होतास?’ हा प्रश्न या गावात सतत ऐकावा लागतो.

अर्जदार अविवाहित हवा. बाहेरून चर्चमध्ये आलेला असेल तर सदस्य होऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. दारू, सिगारेट, चहा, कॉफी वर्ज्य. हो, चहासुद्धा. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या शेजारणीपुढे मी आलं घातलेला चहा ठेवला होता, तेव्हा हे कळलं. लग्नाआधी शरीरसंबंध नाही, आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला दिलेला असावा. निवृत्त जोडप्यांसाठीही मिशन असतं, पण त्याचे नियम वेगळे.

अर्ज सुरू होतो बिशपकडे

स्वतःच वेबसाइटवर जाऊन फॉर्म भरून टाकला, असं चालत नाही. आपल्या वॉर्डाच्या बिशपला भेटायचं, मग तो ऑनलाइन अर्ज सुरू करून देतो. वॉर्ड म्हणजे महापालिकेचा नव्हे. एका भागातल्या काहीशे सदस्यांची मंडळी. बिशपही पूर्णवेळ धर्मगुरू नसतो. आमच्या भागातला दिवसा दातांचा दवाखाना चालवतो आणि संध्याकाळी, रविवारी हे काम विनामोबदला करतो. असे अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक होतो, त्याचा अध्यक्ष वेगळा. मुलाखती दोन: आधी बिशप, मग स्टेक अध्यक्ष.

प्रश्न ठरलेले असतात आणि २०१७ पासून अर्जदाराला ते आधीच माहीत असतात. श्रद्धेबद्दलचे प्रश्न येतातच, पण खरी कसोटी बाकीच्यांची. कधी गंभीर गुन्हा केलाय का? कोर्टात काही प्रलंबित आहे का? कुणाचे पैसे देणं लागतोस का, आणि असशील तर ते जाण्याआधी कसे फेडणार? शरीराची किंवा मनाची अशी काही तक्रार आहे का, जिने हे वेळापत्रक झेपणार नाही? इथे लपवाछपवी केली तर ती पुढे परदेशात, भलत्या वेळी बाहेर येते. त्यापेक्षा बिशपने ‘सहा महिने थांब’ म्हटलेलं परवडलं.

कागदपत्रं, आणि अक्कलदाढ

वैयक्तिक माहिती, शाळेचा तपशील, कुठल्या भाषा येतात, नवी भाषा शिकायची तयारी किती, गाडी चालवता येते का, खर्च कोण करणार, हे सगळं फॉर्ममध्ये भरावं लागतं. सोबत मिशनरी पोशाखातला फोटो: मुलाचा शर्ट-टायमध्ये, मुलीचा नीटनेटक्या साध्या कपड्यांत. पासपोर्ट वेळेत काढलेला बरा. पोस्टिंग कुठल्या देशाचं येईल त्यावर जन्मदाखला, बोटांचे ठसे, पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि त्यावरचे शिक्के हे नंतर लागू शकतं. आपल्याकडच्या कुणाला हे नव्याने समजवायला नको.

अर्ज सगळ्यात जास्त रेंगाळतो तो आरोग्याच्या फॉर्मपाशी. डॉक्टरची पूर्ण तपासणी, लसींची नोंद आणि दंतवैद्याचा वेगळा फॉर्म. दंतवैद्य अक्कलदाढांवर शेरा मारतो. त्या त्रास देणार असं दिसलं तर आधी काढून घ्या, मगच पुढे. त्यामुळे मे-जूनमध्ये सुजलेला गाल घेऊन फिरणारा अठरा वर्षांचा मुलगा दिसला की समजायचं, याचा अर्ज निघालाय. नैराश्य, चिंता यांची औषधं चालू असतील तर तेही लिहायचं. त्यामुळे नकार येतोच असं नाही. कधी ‘सर्व्हिस मिशन’ मिळतं: घरीच राहून अन्नछत्र, रुग्णालय, गोदाम अशा ठिकाणी काम करायचं. शेजारच्या धाकट्याला तेच मिळालं. सुरुवातीला तो हिरमुसला होता, पुढे तिथेच रमला.

कॉलेजात प्रवेश मिळालेला असेल तर तो पुढे ढकलण्याचं पत्र आधी घ्या, शिष्यवृत्तीचंही विचारून ठेवा. यूटातल्या विद्यापीठांना याची सवय आहे, बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं.

पैसे

अमेरिकेतल्या मिशनऱ्याचा हिस्सा महिन्याला ४०० डॉलर होता, जुलै २०२० पासून ५०० झाला. म्हणजे मुलाचे २४ महिन्यांचे १२,००० आणि मुलीचे १८ महिन्यांचे ९,००० डॉलर. टोकियोला पाठवा की मनिलाला, रक्कम तीच. १९९१ च्या आधी असं नव्हतं. जिथे जाशील तिथला खर्च तूच भर. जपानचं पोस्टिंग आलं की घरच्यांचा चेहरा उतरायचा म्हणतात. आता पैसे एका सामायिक निधीत जातात आणि तिथून घरभाडं, जेवणखाण भागतं. सूट, बूट, सायकल वगैरे वेगळं. बहुतेक मुलं शाळेत असतानाच लॉन कापून, बर्गर विकून साठवतात. कमी पडलं तर आईवडील किंवा वॉर्ड भर घालतो. इतर बऱ्याच देशांत रकमेचा हिशेब तिथल्या ऐपतीप्रमाणे वेगळा असतो.

पोस्टिंग

एवढं सगळं भरलं, पण ‘कुठे जायला आवडेल?’ असा रकाना फॉर्मवर कुठेच नाही. ते ठरवतो सॉल्ट लेक सिटीतला, चर्चच्या वरिष्ठ नेत्यांच्या म्हणजे ‘बारा प्रेषितां’च्या मंडळातला एक जण. वशिला नाही, बदलीसाठी अर्ज नाही. आपल्याकडे गडचिरोलीचं पोस्टिंग आलं तर निदान मंत्रालयात एक चक्कर तरी मारता येते! पूर्वी मोठं पांढरं पाकीट पोस्टाने यायचं, २०१८ पासून पत्र ऑनलाइन येतं. तरी मुलगा ते एकटा उघडत नाही. आजी-आजोबा, मित्र, शेजारी जमतात, भिंतीवर जगाचा नकाशा लावून प्रत्येक जण आपला अंदाज टाचतो, आणि मग मोठ्याने वाचन. शेजारच्या थोरल्याला ब्राझील आलं तेव्हा त्याची आई आधी हसली, मग रडली. व्हिसा मात्र रखडला, आणि ब्राझीलला निघालेला मुलगा कित्येक आठवडे अमेरिकेतच दुसऱ्या राज्यात दारं ठोठावत होता. अशांना ‘व्हिसा वेटर’ म्हणतात.

निघण्याच्या सुमारास स्टेक अध्यक्ष डोक्यावर हात ठेवून नियुक्ती करतो. त्या क्षणापासून नियम लागू. मग प्रशिक्षण केंद्र. सगळ्यात मोठं यूटातल्या प्रोव्हो शहरात. भाषा येत असेल तर थोडक्यात आटपतं, अवघड भाषा असेल तर दोन महिन्यांच्या आसपास.

रोजचा दिवस

साधारण साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद. सकाळी व्यायाम, वाचन, भाषेचा अभ्यास. उरलेला दिवस लोकांना भेटणं, शिकवणं, कुणाचं सामान हलवायला मदत करणं. जोडीदार चर्चच ठरवतं आणि त्याला सोडून कुठे जायचं नाही, स्नानगृहाचा अपवाद. न पटणाऱ्या माणसाबरोबर एका खोलीत राहणं हे देवाधर्मापेक्षा कठीण गेलं, असं थोरल्याने परत आल्यावर सांगितलं. साधारण दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्सफर’ होते, जोडी किंवा गाव बदलू शकतं. मुलाला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी हाक मारायची. ओठांवर मिसरूडसुद्धा नीट नसते! मुलींना ‘सिस्टर’. प्रेमप्रकरणाला बंदी. आठवड्यातून एक ‘पी-डे’ (प्रिपरेशन डे, तयारीचा दिवस): कपडे धुणं, बाजारहाट, घरी मेल. फोन पूर्वी नाताळ आणि मदर्स डे एवढाच. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरी बोलता येतं. शेवटच्या महिन्यांत ज्याचं मन आधीच घरी पोचलंय त्याला ‘ट्रंकी’ म्हणतात, ट्रंक भरून बसलेला.

भारतातून

भारतातल्या सदस्य तरुणांनाही हाच रस्ता: बिशप नसला तर शाखेचा, म्हणजे वॉर्डाहून छोट्या मंडळीचा, अध्यक्ष, मग पुढचं. बंगळुरू आणि नवी दिल्लीला मिशनची कार्यालयं आहेत आणि भारतीय मुलांपैकी अनेक जण देशातच सेवा करतात. आपला संबंध त्याहून जुना आहे. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. लष्करातल्या गोऱ्यांमध्ये त्याने प्रचार केला, लष्करी अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. तेव्हा ना फॉर्म होता, ना दंतवैद्याचा शेरा.

मुदत संपली की परतीचं तिकीट येतं. घरी पोचल्यावरही सेवा संपलेली नसते. स्टेक अध्यक्षाला भेटून त्याने मोकळं केल्यावरच नावाची पट्टी काढायची. थोरल्याचं विमान रात्री उशिरा उतरलं, भेट दुसऱ्या दिवशी होती. त्यामुळे त्याने स्वतःच्या घरच्या टेबलावर टाय आणि पट्टी लावूनच आईच्या हातचं जेवण केलं आणि साडेदहाला दिवा घालवून झोपायला गेला.