थ्रिलर म्हणजे रक्त शिंपडलेली रहस्यकथा नव्हे

मुलांसाठी लिहिणारा लेखक मोठ्यांसाठी क्राइम थ्रिलर लिहायला बसला की हस्तलिखितात तीन गोष्टी हमखास सापडतात. पहिल्या पानावर मुडदा, दुसऱ्यावर शिव्या आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून केलेला उलगडा. मग मुखपृष्ठावर ‘थ्रिलर’ छापतात. आत असते रहस्यकथाच, फक्त मुलांच्या हाती देता न येण्यासारखी.

रहस्यकथा तुम्हाला पाठ आहे. सुट्टीत पन्हाळ्याला गेलेली चार पोरं, बंद वाड्यात रात्री दिसणारा उजेड, संशय माळीबुवांवर, चोर भलताच. त्यावर शाई घालवत नाही. शिव्या, पानांची संख्या, मुडद्यांची संख्या हेही किरकोळ. वाक्यं मात्र होती तशी छोटीच ठेवा. ‘मोठ्यांसाठी’ म्हणून ती जड करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वाचकाच्या वयाचाही इथे संबंध नाही. जे. के. रोलिंग यांनी 2013 साली रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने मोठ्यांसाठी गुन्हेकथा लिहायला सुरुवात केली. तो दाखला ‘बालसाहित्यातून थ्रिलरकडे’ म्हणून सगळे देतात, पण त्या कादंबऱ्या मुळात खासगी गुप्तहेराच्या रहस्यकथा आहेत. अँथनी होरोविट्झ यांचा अ‍ॅलेक्स रायडर 2000 साली मुलांसाठी आला, आणि तो होता थ्रिलर. मोठ्यांसाठी मात्र त्यांनी खुनी कोण, हे शोधायला लावणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या.

खरा फरक एकच आहे: वाचकाला काय माहीत असतं आणि केव्हापासून.

एकच गुन्हा घ्या. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीत पुराचं पाणी शिरायच्या बेतात आहे, गाव उंचावरच्या सोनतळीला हलतंय. जमिनीच्या वादातून पुतण्या काकाच्या डोक्यात घाव घालतो, त्याला माळ्यावर टाकून कडी लावतो आणि सोनतळीला येऊन काकूला सांगतो, काका म्हशींपाशी थांबलेत.

रहस्यकथा पाणी ओसरल्यावर सुरू होते. प्रेत मिळतं, सगळे म्हणतात बुडाला. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयातल्या शवविच्छेदनात डोक्यावरचा घाव उघड होतो. मग तपास, जबाब, सात-बारा, आणि शेवटी पुतण्या. गुन्हा होऊन गेलेला आहे. वाचक मागे बघत चालतो आणि लेखक त्याच्यापासून एक नाव लपवतो.

थ्रिलरमध्ये घाव पहिल्याच प्रकरणात, तुमच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या प्रकरणात काका माळ्यावर डोळे उघडतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 37 फुटांवर. कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही की 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका. तिकडे राधानगरी धरण भरलंय. स्वयंचलित दरवाजे ते, पाण्याच्या दाबाने आपले आपण उघडतात, कुणाला विचारत नाहीत. आता प्रत्येक फूट हेच तुमचं प्रकरण. खुनी कोण, हा प्रश्नच उरलेला नाही. काका वाचतो का, एवढाच आहे.

इथे बालसाहित्यिक हटकून विचारतात, ‘सगळं आधीच सांगितलं तर उत्सुकता कसली?’ सोनतळीच्या छावणीत काकू पुतण्याला म्हणते, ‘तूच जा की रं लेकरा नावेतनं, तुझंच ऐकत्यात ते.’ रहस्यकथेत हे वाक्य नंतर एखाद्या जबाबात येतं आणि वाचक ते सहज ओलांडून पुढे जातो; शेवटी उलगडा झाल्यावर त्याला ते आठवतं. थ्रिलरमध्ये तेच वाक्य, एक अक्षर न बदलता, वाचताना घशाला कोरड पडते. कारण काकूला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, आणि पुतण्या नावेत चढतोय. या वाक्यानंतर पुतण्याचं नाव लपवून काय मिळवणार? हवं तर दुसरं काही लपवा. काकूला थोडा संशय आलाय का, एवढं झाकून ठेवलं तरी पुष्कळ.

मुलांच्या पुस्तकातली दुसरी सवय याच्याच पोटातली. पोराला रात्री झोप लागायला हवी म्हणून तुम्ही प्रत्येक प्रकरणाची भीती त्याच प्रकरणात निस्तरता. उजेड दिसला, तो कंदील निघाला, सगळे जेवायला घरी. थ्रिलरमध्ये ती उधारी ठेवायची. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना प्रकरण संपवायचं आणि पुढचं सोनतळीत चहा वाटण्यापासून सुरू करायचं.

थ्रिलरला मुदतीचं घड्याळ लागतं, ते शोधायलाही लांब जायला नको. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. रहस्यकथेत ही कागदोपत्री बाब, एका ओळीत उरकते. थ्रिलरमध्ये भलत्याच माणसाला पकडलेलं असेल, तर हे तास मोजून लिहा.

आणि पोलिसांचा विषय निघालाच आहे म्हणून: कोल्हापूरला पोलीस कमिशनर नसतो, जिल्ह्याला पोलीस अधीक्षक असतात, आणि असा गुन्हा बहुधा एलसीबीकडे, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेकडे येतो. 1 जुलै 2024 पासूनच्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचं 302 लागत नाही, भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं. तरी दर दुसऱ्या हस्तलिखितात फौजदार ‘तीनशे दोन लावीन’ म्हणून टेबलावर काठी आपटतोच.