मानधनाचा प्रश्न आशांच्याही आधीचा

2024 च्या फेब्रुवारीत राज्यभरातल्या आशा स्वयंसेविका आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. आदल्या वर्षी संप झाला तेव्हा मानधनात महिना सात हजार रुपयांच्या वाढीची घोषणा झाली होती, पण शासन निर्णय काही निघत नव्हता. शेवटी मार्चमध्ये मंत्रिमंडळाने पाच हजारांची वाढ मंजूर केली आणि बातम्यांतून हा विषय मागे पडला. गावातल्याच माणसाकडे आरोग्याचं काम सोपवायचं, पण त्याला कर्मचारी म्हणायचं नाही, ही रीत मात्र आशांपासून सुरू झालेली नाही. तिचा माग काढत गेलं तर आपण स्वातंत्र्याच्याही मागे जाऊन पोहोचतो.

1938 साली काँग्रेसने नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तिच्या आरोग्यविषयक उपसमितीचे प्रमुख होते परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल सोखी. दर हजार लोकवस्तीमागे गावातलाच एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, ही शिफारस या उपसमितीची. हजाराला एक, हा आकडा लक्षात ठेवा. तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

सरकारी धोरणाने मात्र दुसरी वाट धरली. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करायला 1943 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भोर समितीने 1946 साली अहवाल दिला. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथून रुजली आणि 1952 पासून केंद्रं उभी राहू लागली. पण भोर समितीचा सगळा भर पूर्ण शिकलेल्या पदवीधर डॉक्टरवर होता. तोवर कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून एलएमपी, म्हणजे पदवी नसलेले पण परवानाधारक, डॉक्टर बाहेर पडत. तो अभ्यासक्रम बंद करावा, असं समितीचं मत पडलं. काही सदस्यांनी त्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. एवढ्या मोठ्या देशाला पुरतील इतके पदवीधर आणणार कुठून, हा त्यांचा सवाल होता. पुढे जे झालं ते पाहता तो सवाल अगदीच चुकीचा नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत झाली, पाटी लागली आणि डॉक्टर शहरात राहिला.

या पोकळीत 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. नगर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका, आणि 1972 चा दुष्काळ तोंडावर आलेला. दोघंही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी आधी रीतसर प्रशिक्षित नर्सबाई गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या तरुण बाईचं ऐकायला गाव तयार नव्हतं आणि तिलाही तिथं सुरक्षित वाटत नव्हतं. मग गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, आपापल्या गावातल्या अडचणी एकमेकींना सांगायच्या आणि परत जायच्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचा आहार, कुष्ठरोगाची ओळख, सगळं त्यांनी हाताखालून घातलं. माझ्या मते जामखेडचं खरं बळ या न चुकणाऱ्या आठवडी बैठकीत होतं. शिक्षण एकदा देऊन संपलं नाही, ते वर्षानुवर्षं चालू राहिलं. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका संग्रहात जामखेडची हकीकत आली, 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली तेव्हा जगापुढे जी मोजकी उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं.

दिल्लीने हे पाहिलं आणि घाईत उचललं. 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता सरकारने देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. पुन्हा हजाराला एक. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन आणि पन्नास रुपयांची औषधं. डॉक्टरांच्या संघटना ‘भोंदू तयार होतील’ म्हणून नाराज. निवड गावाने करायची, म्हणजे प्रत्यक्षात गावातल्या वजनदार गटाने. त्यामुळे निवडले गेले बहुतेक पुरुष. जे काम गरोदर बाईशी आणि तान्ह्या बाळाशी बोलायचं, तिथं सरपंचाचा पुतण्या! आठवडी बैठकीचं तर नावच नव्हतं.

तरीही योजना मुख्यतः अडली ती पैशावर. हे लोक पगार मागू लागले, काही ठिकाणी कोर्टात गेले. त्यांचं नाव मात्र बदलत राहिलं. 1980 मध्ये ‘कार्यकर्ता’चा ‘स्वयंसेवक’ झाला आणि वर्षभरात ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’. शब्द बदलला की हक्काचा प्रश्न मिटतो, असं कुणाला तरी वाटलं असावं. योजना रखडत राहिली, 2002 साली केंद्राने निधी थांबवला आणि ती संपली.

त्याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत बायकांना घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. दवाखाना जवळ नसतानाही बाळं वाचवता येतात, हे आकड्यांत सिद्ध झालं. दुसरीकडे छत्तीसगडने 2002 मध्ये गावोगाव ‘मितानिन’ नावाच्या आरोग्यसेविका उभ्या केल्या. मितानिन म्हणजे तिकडची विधीपूर्वक जोडलेली जिवाभावाची मैत्रीण.

12 एप्रिल 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आली. 1977 च्या चुकांतून एक धडा नक्की घेतला गेला होता: या वेळी फक्त बाई, आणि तीही गावची सून, कारण लेक लग्न होऊन जाते. दुसरा धडा मात्र उलटा निघाला. पगार दिला तर ती गावापेक्षा सरकारला बांधील होईल, असा युक्तिवाद झाला आणि कामागणिक मोबदला ठरला. लसीकरणाला इतके, दवाखान्यातल्या बाळंतपणाला तितके. 2011 पासून नवजात बाळाच्या घरभेटी आल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या, त्याचे 250 रुपये.

या पद्धतीने कामं झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं 2005-06 मध्ये 39 टक्क्यांच्या आत होती, ती 2019-21 च्या पाहणीत 88 टक्क्यांवर गेली. सगळं श्रेय आशांचं नव्हे, पण रात्री दोन वाजता रिक्षा शोधणारी तीच होती. 2013 मध्ये भारतीय श्रम परिषदेने सरकारी योजनांत असं मानधनावर राबणाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती कागदावरच आहे. कोविडमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत याच बायका दारोदार ताप मोजत फिरल्या. 2021 च्या जूनमध्ये राज्यात संप झाला, थोडी वाढ मिळाली. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सुमारे दहा लाख आशांचा पुरस्काराने गौरव केला.

आता कामाचं स्वरूपच पालटतं आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या जोखमीचा फॉर्म आशाने भरायचा, एका फॉर्मचे दहा रुपये. आयुष्मान कार्डं, मोबाइलवरच्या नोंदी, ॲप. 2023 च्या संपात ऑनलाइन कामांवर बहिष्कार का होता, हे इथं कळतं. पण अडचण ॲपपेक्षा खोल आहे. बाळंतपण होतं आणि संपतं. लस टोचली की नोंद पूर्ण होते. बेचाळीसाव्या दिवशी फेऱ्या थांबतात. दरपत्रक या संपणाऱ्या कामांसाठी बेतलेलं आहे. रक्तदाब संपत नाही. गोळी सोडलेल्या काकांना आशा महिन्यातून चारदा समजावते, पाचव्यांदा ते ऐकतात, आणि पक्षाघात टळतो. न झालेल्या पक्षाघाताची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

2025 मध्ये केंद्राने आशांची दरमहा ठरावीक रक्कम दोन हजारांवरून साडेतीन हजार केली. तिला पगार म्हणत नाहीत. प्रोत्साहनपर मोबदला म्हणतात.