अपस्माराची औषधे आणि मेंदूची लवचीकता

अपस्मार म्हणजे फिट किंवा आकडी येण्याचा आजार. त्याची औषधे चेतापेशींचा अतिरेकी विद्युतमारा आवरतात. पण मेंदू शिकतो तोही पेशींच्या अशाच जोरदार माऱ्यातून. वारंवार संदेश गेले की दोन पेशींमधला सांधा बळकट होतो, हे ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मरणाच्या भागात, दाखवले. सांध्यांच्या अशा बदलण्यालाच मेंदूची लवचीकता म्हणतात. म्हणून औषध निवडताना फिट थांबली का, एवढेच पाहून भागत नाही.

फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीत विद्युतसंदेश उठवणाऱ्या सोडियमच्या वाटा, अडवतात, तेही भरधाव चाललेल्या पेशींत अधिक. त्यामुळे नेहमीचे काम बरेचसे सुरळीत चालते. फेनोबार्बिटल गाबाचा, म्हणजे पेशींना शांत करणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचा, लगाम सरसकट आवळते, म्हणून गुंगी येते आणि शिकणे मंदावते. टोपिरामेट घेणाऱ्या काहींना हातातली चावी ओळखता येते, तिचा उपयोग सांगता येतो, पण ‘चावी’ हा शब्द ओठांवर येत नाही. याला आळस किंवा विसराळूपणा समजणे हा रुग्णावर अन्याय आहे. मोठ्या माणसांत हे औषध २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवतात, ते बऱ्याच अंशी याचसाठी. लेव्हेटिरासिटाम स्मरणाला सहसा धक्का लावत नाही. चिडचिड मात्र वाढवू शकते.

घडणीच्या वयात परिणाम खोल जातो. तापातल्या आकडीसाठी फेनोबार्बिटल दिलेल्या बालकांचा बुद्ध्यंक दोन वर्षांनी प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटापेक्षा ८.४ गुणांनी कमी भरला. आणखी सहा महिन्यांनी, औषध थांबवल्यावरही ५.२ गुणांचा फरक उरलाच (१९९०). गर्भारपणात आईने व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध घेतलेल्या मुलांचा सहाव्या वर्षी सरासरी बुद्ध्यंक ९७ होता, लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाच्या गटात १०८ (२०१३). व्हॅल्प्रोएटचा डोस जितका मोठा, तितका फटका जास्त.

तरीही गोळ्या टाकून देणे हा उपाय नव्हे. अनावर फिटही हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मारतात आणि चुकीच्या जोडण्या रुजवतात. औषध एकाएकी तोडल्यास न थांबणारी फिट येऊ शकते. पाच मिनिटांपुढे गेलेली फिट ही तातडीची वेळ असते.

फेनिटोइनची रक्तातली पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात. ते पचवणाऱ्या यकृतातल्या विकराची (एन्झाइमची) क्षमता लवकर संपते, म्हणून डोस जरासा वाढवला तरी पातळी एकदम उसळते: बुबुळे थरथरतात, चालताना झोक जातो. असे वर्षानुवर्षे चालले तर तोल सांभाळणारा लहान मेंदू (सेरेबेलम) आक्रसू शकतो. दोन-तीन औषधे एकत्र असली की मंदपणा वाढतो. एखादे कमी करायचे तर तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने. स्मरणाची आणि भाषेची चाचणी औषध सुरू करण्यापूर्वीच करून ठेवावी. नाहीतर पुढे दिसणारी उणीव आजाराची की गोळीची, हे ठरवता येत नाही.