‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे दुखणं मनाचं आहे’ : खुलासा

चेहरा महिनोन्महिने ठणकतोय, एक्स-रेत दात ठणठणीत. मग घरचे म्हणतात, “टेन्शन घेऊ नकोस, सगळे मनाचे खेळ आहेत.” हा समज चुकीचा आहे आणि माणसाला फार एकटं पाडतो.

चेहऱ्याच्या वेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात फॅन वांग यांच्या गटाने 2017 मध्ये उंदरांत दाखवलं, की या नसेचे काही तंतू मेंदूच्या देठातल्या पॅराब्रेकियल केंद्राला थेट जोडलेले असतात. तिथून भीती-अस्वस्थता जागवणारे भाग चेततात. हातापायाच्या वेदनेचा निरोप तिथे मणक्यातून, वळसा घेऊन पोचतो. हा थेट दुवा बंद केल्यावर उंदरांची चेहऱ्याची वेदना कमी झाली, अंगाची नाही. म्हणजे चेहरा दुखताना जीव जास्त कासावीस होतो, त्यामागे शरीराची जोडणीच असू शकते. त्यात दुबळेपणा कसला?

वेदनेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच ‘संवेदना आणि भावना’ दोन्ही आहेत. ताणाने वेदना वाढते, हे खरंच. पण वाढवणं वेगळं, खोटं असणं वेगळं.

दात घासताना, तोंड धुताना, नुसती वाऱ्याची झुळूक लागताच गालात विजेसारखी कळ जात असेल, तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे याच नसेचा आजार, असू शकतो. बऱ्याचदा रक्तवाहिनी नसेवर दाबत असते. एकामागून एक चांगल्या दाढा काढू नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. त्यावर कार्बामाझेपिनसारखी औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.